पलीकडचा कान

साशंक: दादा, तू घरावर सीबीची, म्हणजे त्या सिटिझन्स बँड रेडिओची, अँटेना चढवणार हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे, आणि तो तांत्रिक नाही. बोलणार कोणाशी? फोन करतो तेव्हा पलीकडचं माणूस ठरलेलं असतं. पत्र टाकलं तर पाकिटावर नाव असतं. तू माइक हातात धरून ज्याला हाक मारणार, त्याला नाव नाही, गाव नाही, तो आहे की नाही याचाही पत्ता नाही. पन्नास वर्षांपूर्वी इथे, अमेरिकेत, या सेटला अर्थ होता हे मला मान्य आहे. १९७३ च्या तेलटंचाईपाठोपाठ ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे ट्रकवाल्यांना एकमेकांना सांगायचं होतं. मग त्यांचं बोलणं ऐकता ऐकता सगळा देशच त्यात उतरला. राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने बोलायची. २३ चॅनेल पुरेनात, म्हणून १ जानेवारी १९७७ पासून ४० केले. पण ती जत्रा केव्हाच उठली. आता त्या मैदानात तू एकटा पाल ठोकायला निघालायस.

हौशी: जत्रा उठली तरी मैदान कोणाच्या मालकीचं झालेलं नाही, हे लक्षात घे. कराडच्या घरी मर्फीचा रेडिओ होता, तुला आठवत असेल. त्याचं लायसन पोस्टातून काढावं लागायचं. अण्णा ते पुस्तक कपाटात रेशनकार्डाच्या शेजारी ठेवायचे. नुसतं ऐकायला सरकारची परवानगी! मी १९८४ साली इथे आलो, त्याच्या आदल्याच वर्षी सीबीचं लायसन रद्द झालं होतं. पहिली जुनी गाडी घेतली तिच्यात आधीच्या मालकाने सेट बसवलेला होता. मी इथला नागरिकसुद्धा नव्हतो आणि तरी बटण दाबून बोलायची मला मुभा होती. हे मला कितीतरी दिवस खरं वाटेना. त्या पहिल्या हिवाळ्यात रात्री हायवेवरून येताना १९ नंबरच्या चॅनेलवर एक ट्रकवाला म्हणाला, पुढच्या पुलावर बर्फ धरलाय, वेग कमी करा. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, हे मला ठाऊकच नव्हतं. पुलापाशी दोन गाड्या कडेला उलटलेल्या पाहिल्या. तो माणूस कोण होता, मला कधी कळलं नाही. तू म्हणतेस त्याला नाव नाही, गाव नाही. खरं आहे. पण मला सांगताना त्यानेही माझं नाव विचारलं नव्हतं.

साशंक: ते तू आजवर चार वेळा सांगितलंयस आणि दर वेळी मला बरं वाटतं. पण पुलावरचा बर्फ आता फोनमधला नकाशा सांगतो. आणि तो प्रसंग गाडीतला आहे. हायवेवर तू आणि तो ट्रकवाला एकाच दिशेने, एकाच अडचणीकडे चालला होतात. घरात बसलेल्या माणसाला जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलण्यासारखं काय असतं? ट्रकवाला तुझ्या टापूत दहा मिनिटं राहणार आणि पुढे जाणार. घरच्या स्टेशनाला गाडीतल्या सेटपेक्षा वेगळं काय जमतं, ते तरी नीट सांग.

हौशी: ऐकणं जमतं. सेट तोच असतो. कायद्याने ताकदही तीच: एएमवर ४ वॅट, सिंगल साइडबँडवर १२. फरक पडतो तो अँटेनाने. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटर लांबीची. तिच्या पाव लांबीची काठी म्हणजे पावणेतीन मीटर. एवढी काठी गाडीवर कोण बाळगणार? म्हणून तिथे आखूड काठीत गुंडाळी घालून भागवतात आणि त्यात बराच जीव जातो. घरावर मी अर्ध्या लहरीची, साडेपाच मीटरची, सरळ उभी काठी लावू शकतो, तीही झाडांच्या शेंड्यांवर. जमिनीपासून ६० फूट, किंवा ज्या इमारतीवर ती उभी आहे तिच्या माथ्यापासून २० फूट, यातलं जे जास्त भरेल तिथवर नियम परवानगी देतो. नवशिके काय करतात, सेटला बेकायदा अँप्लिफायर जोडतात. ४ वॅटचे ६४ केले तरी पलीकडच्या मीटरचा काटा दोनच घरं पुढे सरकतो. आणि त्याचा ऐकायला काडीचा उपयोग नाही, उलट इतरांच्या बोलण्यावर बुलडोझर फिरतो. उंच आणि पूर्ण लांबीची अँटेना बोलणंही लांब नेते आणि दूरचं बारीक बोलणंही पकडते. केबलही जाड हवी. पातळ केबल शंभर फूट ओढली तर चारातला दीड वॅट वाटेतच जिरतो. म्हणून मी पैसे सेटवर कमी घालणार आहे आणि काठी, केबल, खांब यांवर जास्त.

साशंक: मग मी आधी काठीबद्दलच बोलते, कारण माझं निम्मं आयुष्य वीजवितरणाच्या कामात गेलं. सत्तरच्या दशकात या देशात लोकांनी अशाच काठ्या घराघरांवर चढवल्या, आणि त्या चढवताना, उतरवताना विजेच्या तारांवर आडव्या झाल्या. माणसं गेली. बहुतेक वेळा एक जण खांब धरून उभा, दुसरा शिडीवर. म्हणून १९८२ मध्ये सरकारला खास सीबीच्या घरगुती अँटेनांसाठी सुरक्षेचा नियम करावा लागला, की काठी तारेला टेकली तरी हातात धरलेल्या माणसापर्यंत झटका पोचता कामा नये, असं तिचं आवरण पाहिजे. एखाद्या हौसेच्या वस्तूसाठी असा नियम उगीच होत नाही, दादा. त्यामागे मृत्यूंची यादी असते. तुझ्या घराच्या पुढच्या बाजूने तारा जातात. खांब आणि काठी मिळून जेवढी उंची होईल, तेवढं अंतर तारांपासून सोडायचं आणि वर आणखी दहा फूट. म्हणजे उद्या वादळात सगळं मुळापासून आडवं झालं तरी तारेला शिवणार नाही. यात मी सवलत देणार नाही.

आणि अर्थिंग. तुझ्यासारखे हौशी लोक अँटेनाच्या बुडाशी तांब्याची एक सळई ठोकतात आणि झालं म्हणतात. ती सळई घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडलेली नसेल, तर ती नसलेली बरी म्हणायची पाळी येते. जवळपास वीज पडली की दोन सळयांच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो मिटवायला प्रवाह तुझ्या केबलमधून, सेटमधून, भिंतीतल्या वायरिंगमधून वाट काढतो. केबल घरात शिरते तिथेच बाहेर वीजरोधक अरेस्टर लाव, त्याची तार आखूड आणि सरळ ठेव, कोपऱ्यावर काटकोनात वळवू नकोस. आणि गडगडायला लागलं की केबल काढून घराबाहेर टाक. थेट अंगावर आलेल्या विजेपुढे यातलं काही टिकत नाही.

हौशी: हे सगळं मान्य. खांब मागच्या अंगणात जाईल. परसात ओकची झाडं आहेत, तारा नाहीत. उभारायला मी एकटा जाणार नाही, हेही लिहून देतो. शेजाऱ्यांचा प्रश्न माझ्याकडे नाही, कारण आमच्या रस्त्याला एचओए, घरमालकांची संघटना, नाही. तुझ्या शार्लटच्या घरावर मी ही काठी लावू शकलो नसतो. एचओएने मना केलं तरी टीव्हीची छोटी डिश लावायला केंद्राचा नियम पाठीशी आहे, सीबीला असलं काही कवच नाही. पूर्वी शेजाऱ्यांची तक्रार खरीही असायची. २७ ची दुप्पट ५४, आणि ५४ वर टीव्हीचं दोन नंबरचं चॅनेल सुरू व्हायचं. सेटला फिल्टर नसला की शेजारच्या घरात मालिकेतल्या नायिकेच्या तोंडून ट्रकवाला बोलायचा. आता तो त्रास जवळजवळ संपलाय.

साशंक: संपला नाही, उलटा झालाय. आता शेजारी तुला त्रास देणार. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, फोनचे चार्जर, छपरांवरच्या सौरपट्ट्यांचे इन्व्हर्टर हे सगळे २७ मेगाहर्ट्झच्या आसपास खरखर ओकतात. तुझी उंच अँटेना दूरचा आवाज पकडते म्हणालास, ती ही खरखरही तेवढ्याच इमानाने पकडणार. त्यातून जे बोलणं ऐकू येईल, त्यात शिवीगाळ किती आणि माणसाचं बोलणं किती, हे तू मला प्रामाणिकपणे सांग.

हौशी: शिवीगाळ असते. कुलूप नसलेल्या जागेत ती येतेच. पण खरखरीबद्दल एक गोष्ट तू वीजवाली असून विसरतेस. वीज गेली की ही सगळी खरखर एका क्षणात थांबते. सगळा भाग अंधारात गेला की बँड पन्नास वर्षांपूर्वी होता तितका शांत होतो. सेटला १३.८ व्होल्ट लागतात, म्हणजे मोटारीची बॅटरी पुरते, आणि नुसतं ऐकताना एक अँपिअरही ओढला जात नाही. म्हणजे ज्या रात्री बाकी सगळं बंद पडतं, त्याच रात्री हे यंत्र सर्वांत चांगलं ऐकतं. मी ते त्या रात्रीसाठी लावतोय. आणि ती रात्र कुठली हे तुला माहीत आहे. २६ जुलै २००५. टीव्हीवर सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस सांगत होते. तू अंधेरीच्या ऑफिसात. मी इथून तुझा नंबर किती वेळा फिरवला असेल! दोन दिवस. फोनवर बाई तेच तेच वाक्य म्हणत होती.

साशंक: त्या रात्री मी ऑफिसात नव्हते. संध्याकाळीच निघाले होते, छातीभर पाण्यातून. हे मी तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. एका इमारतीपाशी वरून कोणीतरी ओरडलं, पुढे उघडं गटार आहे, डावीकडून या. खाली चार पोरं दोर धरून उभी होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईने मला आत घेतलं, कोरडी साडी दिली, चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं दिली. मीही तिचं नाव विचारलं नाही, म्हणजे तुझ्या ट्रकवाल्यासारखंच झालं. पण म्हणूनच सांगते, मला यंत्राने वाचवलं नाही. माझ्या हातात त्या रात्री तुझा सेट असता तरी काय झालं असतं? मुंबईत दुसरा सेट कोणाकडे होता? रेडिओला रेडिओ लागतो. ओरडायला फक्त गळा लागतो आणि तो सगळ्यांकडे असतो.

हौशी: खिडकीतून ओरडलेला तो माणूस, तोच तर! जो हाकेच्या अंतरावर आहे त्याला, कोण आहे हे न बघता सांगायचं. मला सीबीत दुसरं काही दिसतच नाही. फोन विचारतो, कोणाला लावू? सीबी विचारते, कोणी आहे का? आपत्तीत बहुतेक वेळा दुसराच प्रश्न उपयोगाचा असतो, कारण ज्याला फोन लावायचा तो साठ मैलांवर असतो आणि मदत करू शकेल असा माणूस दोन घरं पलीकडे, ज्याचा नंबर आपल्याकडे नाही. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळ आलं तेव्हा आमच्या पश्चिमेला, ॲशव्हिलच्या बाजूला, रस्ते वाहून गेले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. दरीतल्या घरांची खबर रेडिओवरून निघाली.

साशंक: रेडिओवरून निघाली, सीबीवरून नाही. हे तू अर्धवट सांगतोस म्हणून मला राग येतो. त्या आठवड्यात लोक ज्याला कान लावून बसले होते, तो माउंट मिचेलवरचा हॅमचा, परीक्षा देऊन परवाना काढलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा, रिपीटर होता. ६,६८४ फुटांचा डोंगर, मिसिसिपीच्या पूर्वेला त्याहून उंच काही नाही. दरीतून हातातल्या छोट्या सेटने बोललेलं तो वर घेतो आणि सगळ्या डोंगरांपलीकडे फेकतो. सीबीत रिपीटर चालतच नाही. चार वॅट दोन टेकड्यांमागे गडप होतात. आणि हॅमवर नुसतं यंत्र नव्हतं. कोण कधी बोलेल, निरोप कसा लिहून घ्यायचा, कोणाला आधी वाट द्यायची, हे वर्षानुवर्षं दर आठवड्याला घोकलेली माणसं होती. तुझ्या सीबीतही एके काळी अशी माणसं होती. १९६२ पासून रिॲक्टचे स्वयंसेवक आणीबाणीच्या ९ नंबरच्या चॅनेलवर पाळीपाळीने बसायचे. खरी आणीबाणीची सेवा ते होते, चॅनेल नव्हे. मोबाइल आले, ते उठून गेले. चॅनेल आजही कायद्याने राखीव आहे आणि तिथे बहुधा कोणी नसतं. मग तू हॅमची परीक्षा का देत नाहीस? ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की झालं. तुझ्यासारख्याला महिन्याचा अभ्यास.

हौशी: मी देईनही. पण माझ्या रस्त्यावर जो गवत कापायचं यंत्र दुरुस्त करतो तो देणार नाही. त्याच्या पुढच्या घरातली ऐंशी वर्षांची बाई देणार नाही. परीक्षा सोपी आहे हे खरं, पण ती दाराच्या उंबरठ्याची पायरी आहे, आणि पायरी लहान असली तरी काही जण बाहेर राहतातच. आत जमतात ते मुळात रेडिओवर प्रेम असलेले लोक. मला रेडिओवर प्रेम नसलेला शेजारी हवाय. शंभर-सव्वाशे डॉलरचा सेट, गाडीत बसवला, विसरला, आणि गरज पडली तेव्हा बटण दाबलं, इतकंच.

साशंक: विसरला! शब्द तूच वापरलास. विसरलेल्या सेटची बॅटरी उतरलेली असते, अँटेनाचा स्क्रू गंजलेला असतो, अँटेना सेटशी जुळते का हे कोणी कधी मोजलेलं नसतं आणि कुठल्या चॅनेलवर यायचं हे कोणाला आठवत नसतं. तुला शेजारीच हवेत ना? मग जीएमआरएस ही दुसरी रेडिओ सेवा आहे. परीक्षा नाही, ३५ डॉलर भरले की अख्ख्या घराला दहा वर्षं परवाना, ताकद ५० वॅटपर्यंत, रिपीटरही चालतो. यंत्र कुठलंही घे, माझं त्यावर भांडण नाही. पण तुमच्या रस्त्यावरच्या पाच घरांनी रविवारी रात्री आठ वाजता पाच मिनिटं सेट लावायचे, प्रत्येकाने हजेरी द्यायची, जो आला नाही त्याच्या दारावर सोमवारी थाप मारायची, हे ठरलं असेल तर ते स्टेशन. नाहीतर परसात एक उंच काठी आहे, इतकंच. गुढीसुद्धा आपण एका दिवशी, सगळे मिळून उभी करतो, म्हणून तिला अर्थ येतो.

हौशी: रविवारी आठ वाजता... हे मी उद्याच बोलतो त्यांच्याशी. खरंच बोलतो. आणि तुझी गोष्ट इतकी बरोबर आहे की माझी अडचण त्यातूनच निघते. हजेरी ठरली की आम्ही पाच घरं ठरलेली माणसं झालो. मग तो पुन्हा फोनच झाला, बिनतारी आणि थोडा चिवट. पुलावरच्या बर्फाबद्दल सांगणारा माणूस त्या पाचांत नव्हता. तुला साडी देणारी बाई कोणत्याच हजेरीत नव्हती. ठरवल्याशिवाय कान टिकत नाही हे तू म्हणतेस, आणि मला ते नाकारता येत नाही. पण ठरवलेला कान फक्त ठरलेल्यांचंच ऐकायला लागतो. जीएमआरएस घेतला तर शेजारी सापडतील. हायवेवरून चुकून आमच्या रस्त्याला लागलेला, गाडी बंद पडलेला माणूस सापडणार नाही. त्याच्याकडे असलाच तर १९ नंबरच असेल.

साशंक: असलाच तर. आणि असला तरी तुला तो ऐकू येईल का? सौरचक्राचं शिखर आत्ताच, २०२४ मध्ये येऊन गेलं. अशा वर्षांत दिवसा आयनांबर २७ मेगाहर्ट्झला आरसा होतो. चॅनेल उघडलं की टेक्सास, कॅलिफोर्निया, कॅरिबियन बेटं, सगळे एकावर एक. त्या गलक्यात दोन मैलांवरचा, आखूड अँटेनातून बोलणारा, घाबरलेला माणूस बुडून जाईल.

हौशी: बुडतो कधीकधी. आकाशातून उडी मारून येणारं हे स्किप सुरू असलं की दुपारी काही वेळा ते अशक्यच होतं, रात्री शांत होतं. त्याच स्किपचं एक विलक्षण रूप मी जूनमध्ये पाहिलं. गाडीतल्या सेटवर, घरासमोरच उभा असताना, टेक्सासातल्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला, समोर बसल्यासारखा. नऊशे-हजार मैल! आधी २५० किलोमीटरपलीकडे बोलणं नियमात बसत नव्हतं, २०१७ मध्ये ती अट काढली. म्हणून मी उत्तर दिलं. मग लहानपणी रेडिओ सिलोन यायचा तसा त्याचा आवाज लाटेवर चढला, उतरला आणि गेला. त्याने एवढंच विचारलं होतं, तुमच्याकडे पाऊस आहे का.

साशंक: मी तुझ्यापासून साठ मैलांवर आहे. तुझी काठी उभी राहिली, अर्थिंग झालं, केबल जाड घातली, तर मी तुला ऐकेन?

हौशी: नाही. जमिनीलगतची लहर सपाट मुलखात पंधरा-वीस मैल जाते, इथल्या डोंगरांत त्याहून कमी. आकाशाकडे गेलेली लहर परत खाली उतरते ती शेकडो मैल पुढे. मधला पट्टा कोरडा. तू नेमकी त्या पट्ट्यात आहेस. टेक्सासचा म्हातारा मला ऐकेल, तू नाही.

साशंक: म्हणजे २६ जुलै पुन्हा आली, तर तुझा आवाज माझ्यापर्यंत येणारच नाही. हे ठाऊक असून तू काठी उभी करणार?

हौशी: हो. तुझ्यापर्यंत यावा म्हणून उभी करतोय असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो, ते मात्र आज पडलं. मग कोणासाठी, याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही.

साशंक: शनिवारी खांब उभा करणार असशील तर मी येते. शिडी मी धरीन. तारांपासूनचं अंतर मोजल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही.